गुडघा जपला की वेग येतो

धुळे-सोलापूर महामार्गावरचं आमचं वडीगोद्री. इथून अंबडला जा किंवा गोदाकाठच्या शहागडला, घाट लागत नाही. पण ऊन, समोरचा वारा आणि उसाची वाहनं सायकलवाल्याचा कस बघतात. या रस्त्यांवर वर्षानुवर्षं सायकल चालवून एक गोष्ट पक्की पटली : ज्यानं दुखापत टळते, त्यानंच वेगही वाढतो.

१. सीट आपल्या मापाची करा. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्यामागे ओढ बसत असेल तर वर. जू नीट बसलं नाही तर बैलाचा खांदा सुजतो, तसंच हे. शाळकरी पोरींना उंच सायकल तशीच देऊ नका, आधी सीट उतरवून द्या.

२. जड गियर रेटू नका. वारा समोरून आला की गियर हलका करा आणि पाय फिरते ठेवा. मिनिटाला ८० ते ९० फेरे जमले तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवसांची. असं अंतर नुसत्या जोरावर सरत नाही, टिकणाऱ्या चालीनंच सरतं.

३. कोपर सैल ठेवा. करंगळीला मुंग्या आल्या तर तळव्याखालची नस दबतेय असं समजा. पकड बदला, अंगाचा भार हातांवरून काढा.

४. उसाच्या हंगामात जास्त जपा. ट्रॉलीतून पडलेलं टिपरू चाकाखाली गोल फिरतं आणि सायकल आडवी होते. लांबूनच वेग कमी करा. त्यावर चाक गेलंच तर हँडल सरळ धरा, ब्रेक दाबू नका. ट्रॉलीची साखळी धरून कुणालाही जाऊ देऊ नका. डोक्यावर हेल्मेट आणि अंधार पडायच्या आत मागचा लाल दिवा सुरू, यात सूट नाही.

५. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक तिथंच अडकलेलं असतं. ते राहिलं तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरात बसते. निघण्याआधी हवा आणि दोन्ही ब्रेक तपासा.

६. अंतर हळूहळू वाढवा. आठवड्याला साधारण दहावा हिस्सा पुरे, आणि एक दिवस पायांना सुट्टी. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी या. पाण्यात लिंबू, मीठ, साखर असू द्या. गुडघा सुजला किंवा रात्रीही ठणकू लागला तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आठवडाभर थांबलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. दुखणं अंगावर काढणाऱ्याची सायकल मात्र महिनोन्‌महिने भिंतीला टेकून राहते.