कोब्राचा रोलर घेताय? आधी पूर्ण हिशोब मांडा

मूळ शेल्बी कोब्रा १९६०च्या दशकात हजाराच्या आतच बनल्या. कॅरोल शेल्बीची पहिली कोब्रा २०१६ साली लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. तेव्हा ज्याला ती गाडी चालवायची आहे, त्याच्यापुढे प्रतिकृतीचाच रस्ता उरतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हौशी मंडळींसाठी तो चांगला मळलेला आहे. फक्त ‘रोलर केवढ्याला?’ एवढंच विचारून थांबू नका. तो रस्त्यावर उतरेपर्यंत केवढ्याला पडेल, ते विचारा.

रोलर म्हणजे शॅसी, बॉडी, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकं जोडलेली गाडी. ढकलली तर पुढे जाते, पण इंजिन आणि गिअरबॉक्स नसतात. यामागे कायद्याचं कारण आहे. त्या दोन गोष्टींशिवाय विकलेली गाडी पूर्ण वाहन ठरत नाही, म्हणून नव्या मोटारीच्या अपघात-चाचण्यांचे नियम कारखान्याला लागत नाहीत. २०१५च्या कायद्याने छोट्या कारखान्यांना वर्षाला ३२५ पूर्ण प्रतिकृती विकायची मुभा दिली, पण त्यांच्या इंजिनाला चालू वर्षाचे धुराचे नियम पाळावे लागतात. म्हणून रोलरचा धंदा आजही जोरात आहे.

बाजारात दोन टोकं आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या फॅक्टरी फाइव्हचा किट खोक्यांतून येतो आणि तुम्ही तो गॅरेजमध्ये जोडता. दक्षिण आफ्रिकेत बनणारी सुपरफॉर्मन्स रंगवून, आतलं चामडं लावून, रोलर म्हणून तयार येते. पहिल्यात पैसा कमी आणि शनिवार-रविवार जास्त जातात, दुसऱ्यात उलट.

किटचा हिशोब ढोबळमानाने असा धरा. पूर्ण किट साधारण २५,००० डॉलर. फोर्डचं नवं कोयोटी इंजिन, त्याचा कॉम्प्युटर आणि वायरिंग मिळून १२ ते १३ हजार. ट्रेमेकचा पाच गिअरचा गिअरबॉक्स ३,५०० च्या आसपास. मागचा अ‍ॅक्सल, चाकं, टायर यांना चार-पाच हजार. आणि रंग, ज्याला सगळे विसरतात. फायबरग्लासची बॉडी साच्यातून येते तेव्हा जोडाच्या रेषा दिसतात आणि दारांच्या फटी सारख्या नसतात. घासून-भरून ती सरळ करणं हेच खरं काम. चांगला पेंटर त्याचे १० ते १५ हजार घेतो आणि ते योग्यच आहेत. एकूण आकडा ६०,००० पर्यंत जातो. तयार रोलरची किंमत इंजिनाआधीच याच्या पुढे असते. शिवाय परदेशातून येणाऱ्या गाडीच्या किमतीत आयात शुल्क आणि बंदरापासून घरापर्यंतची वाहतूक धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या.

इंजिनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजूला ‘४२७’चा बिल्ला हवा म्हणून जुन्या साइड-ऑइलर इंजिनामागे धावू नका. ते जड आहे आणि फार महाग पडतं. ३५१ विंडसर ब्लॉकला लांब स्ट्रोकचा क्रँक घालून ४२७ घनइंच करतात. तो हलका असतो आणि त्याचे सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात.

खरी बचत होते ती अर्धवट सोडलेला रोलर घेण्यात. कुणाची बदली होते, कुणाची पाठ दुखते आणि गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहते. असा सौदा बघायला जाताना टॉर्च न्या आणि खाली वाका. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी असे टायर बदलायचेच, म्हणजे त्यांची किंमत सौद्यातून वजा करा. जुन्या किटांत मागे जग्वारचा अ‍ॅक्सल असतो. त्याचे ब्रेक चाकांजवळ नसून डिफरन्शियलला चिकटून असतात. तिथल्या उष्णतेने ऑइल सील कडक होतात आणि तेल डिस्कवर झिरपतं. डिस्कच्या कडेला बोट फिरवा. चिकट काळं लागलं तर अख्खा अ‍ॅक्सल उतरवायचा खर्च धरा. दाराच्या बिजागरीपाशी जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील, तर रंगाचा खर्च वाढला. शेवटी किटची मूळ यादी मागा आणि खोकी उघडून एकेक वस्तू त्यावर टिक करा. हरवलेले छोटे ब्रॅकेट आणि लॅचच पुढे हैराण करतात.

या सगळ्याच्या आधी कागद बघा. कारखान्याचा उत्पत्ती-दाखला किंवा विकणाऱ्याच्या नावाचं टायटल आहे का? शॅसीवरचा नंबर त्याच्याशी जुळतो का? नसेल तर गाडी कितीही स्वस्त असो, परत फिरा. इंजिन, गिअरबॉक्सपासून प्रत्येक मोठ्या भागाची पावती जपा. नोंदणीच्या वेळी मागतात. कॅलिफोर्नियात धुराच्या नियमांतून जुन्या रूपानुसार सवलत देणारी प्रमाणपत्रं वर्षाला फक्त ५०० निघतात, त्यामुळे तिथल्यांनी वेळापत्रक त्यानुसार आखावं. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला जुनी फोर्ड समजून मोल करेल. आणि साइड पाइपपाशी उतरताना पायांना जपा. पोटरीवर भाजल्याच्या खुणेला कोब्रावाले सापाचा चावा म्हणतात, आणि तो चांगलाच झोंबतो.

ही गाडी पुढेमागे पुण्याला न्यायचा बेत असेल, तर तो आजच सोडा. भारतात रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, आणि गॅरेजमध्ये जोडलेल्या एकट्या गाडीसाठी ती मिळवणं व्यवहार्य नाही. तिथलीच एखादी जुनी गाडी घेऊन तिच्यावर कोब्राची बॉडी चढवावी म्हणाल, तर कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवलं आहे. म्हणून रोलर तिथेच घ्या, जिथे तुम्ही तो चालवणार आहात.