चित्रांची फेरपालट

शेतात दरसाल एकच पीक घेतले तर जमीन थकते. म्हणून जाणता शेतकरी पिकाची फेरपालट करतो. चित्रांच्या घरातही अशीच फेरपालट चालते. आज भिंतीवर असलेली चित्रे पुढच्या खेपेला दिसत नाहीत. त्यांच्या जागी दुसरी आलेली असतात. असं का करतात, ते या धड्यात आपण पाहू.

लोकांना पाहण्यासाठी जिथे चित्रे मांडतात, त्या जागेला कलादालन म्हणतात. मुंबईत काळा घोडा भागात जहांगीर कलादालन आहे. ते १९५२ साली उघडले. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या आठवणीसाठी त्याला पैसा दिला. आत जायला तिकीट लागत नाही. बहुतेक प्रदर्शने आठवडाभर असतात. मग ती चित्रे उतरतात आणि दुसऱ्या चित्रकाराची पाळी येते. पावसाळ्यात तर नव्या, तरुण चित्रकारांसाठी खास प्रदर्शन भरते. भिंती तेवढ्याच, चित्रकार पुष्कळ. चित्रे बदललीच नाहीत, तर नव्या माणसाने आपले काम दाखवावे कुठे? हे झाले पहिले कारण.

दुसरे कारण उजेडाचे. लुगडे रोज उन्हात वाळत घातले की विटते. कागदावरचे आणि कापडावरचे रंगही उजेडाने असेच विटतात. दमट हवेत कागदाला बुरशी धरते. म्हणून जुनी, नाजूक चित्रे काही महिने मांडतात. मग त्यांना अंधाऱ्या, कोरड्या जागी विसावा देतात.

पण भिंतीवरच काढलेले चित्र उतरवणार कसे? आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तिथे डोंगरात लेणी कोरलेली आहेत. कारागिरांनी आधी खडकावर माती, शेण आणि भाताचे तूस यांचा गिलावा दिला. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला. मग गेरू, काजळी आणि रंगीत दगडांची पूड वापरून चित्रे काढली. आपल्या बायाबापड्या घराच्या भिंती लिंपतात, सारवतात, त्याच जातीची ही विद्या! यांतली काही चित्रे दोन हजार वर्षांची आहेत. ती पेटीत ठेवता येत नाहीत. म्हणून तिथे दिवे मंद असतात आणि फ्लॅश मारून फोटो काढायला मनाई आहे. गर्दीच्या श्वासाने लेण्यात दमटपणा वाढतो. म्हणून एका वेळी थोडेच लोक आत सोडतात.

रॉबर्ट गिल नावाचा एक इंग्रज अधिकारी १८४४ साली अजिंठ्याला आला. त्याने वर्षानुवर्षे खपून या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला नेल्या. १८६६ साली तिथे आग लागली आणि बहुतेक नकला जळून गेल्या. नक्कल पुन्हा करता येते. मूळ चित्र मात्र एकदा गेले की गेलेच.

पुष्कळांना वाटते, "हे शिकलेल्यांचं ठिकाण. आपलं तिथं काय काम?" असे मनात आणू नका. सरकारी संग्रहालय आपल्याच पैशावर चालते. आणि आता तर तुम्हांला वाचता येते! चित्राशेजारी एक लहान चिठ्ठी असते. तिच्यावर चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव आणि साल असते. कधी कशावर आणि कोणत्या रंगात काढले, तेही असते. आधी दुरून चित्र पाहा. मग जवळ जा आणि चिठ्ठी वाचा. अडले तर तिथल्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. हात मात्र लावू नका. बोटांचा घाम आणि तेल रंग खाते.

शहरात कामाला गेलात, तर सोनेरी महाल पाहा. त्याच्या भिंतींवर एके काळी सोनेरी रंगाची चित्रे होती. त्यावरूनच हे नाव पडले. शहरात सरकारी कला महाविद्यालयही आहे. तिथल्या मुलांचे प्रदर्शन भरले आहे का, याची चौकशी करा. त्या मुलांत खेड्यांतली मुलेही असतात. आज आपल्या पोराने भिंतीवर कोळशाने घोडा काढला, तर त्याला मारू नका. त्याला एक कागद द्या.

विचार करा आणि लिहा
१. चित्रांची फेरपालट का करतात? दोन कारणे लिहा.
२. चित्राला हात का लावू नये?
३. आपल्या गावात भिंतीवर चित्रे कुठे आहेत? ती कोणी काढली?