चाकाची धाव आणि वितळतार

बैलगाडीच्या चाकाला मध्यभागी तुंबा असतो, तुंब्यातून निघालेले आरे असतात आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव असते. लोहार ही धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवी, चाकावर चढवी आणि तीवर पाणी ओतून ती आकुंचित करी. धाव ढिली झाली की गाडीवानाला ती डोळ्यांनी दिसे आणि खडखडाटावरून ऐकूही येई. मोटारीच्या चाकावरची रबरी धाव, म्हणजे टायर, इतकी बोलकी नसते. ती बराच काळ मूकपणे झिजते आणि एखाद्या दिवशी अचानक दगा देते. तथापि तिच्या अंगावर काही अक्षरे व अंक कोरलेले असतात. ते वाचता आले, तर ती आपली क्षमता, आपले वय आणि आपल्या मर्यादा स्वतःच सांगू लागते. मोटारीच्या विद्युत्मंडलातील वितळतारेची, म्हणजे व्यवहारातील फ्यूजची, गोष्टही अशीच आहे. या दोन वस्तूंची भाषा समजावून देणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू होय.

टायरची जडणघडण

हवा भरलेल्या चाकाचे पहिले एकस्व रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये घेतले. परंतु त्या काळी त्याचा उपयोग कोणाच्या ध्यानात आला नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने हाच शोध पुन्हा लावला आणि मग तो सर्वत्र पसरला. भारतात हुगळीच्या काठी साहागंज येथे डनलपचा कारखाना १९३६ मध्ये उभा राहिला. दक्षिणेत म्हैसूर हे या उद्योगाचे एक महत्त्वाचे ठिकाण ठरले. कर्नाटक राज्याच्या पुढाकाराने तेथे ‘विक्रांत’ या नावाने टायरचा कारखाना निघाला. १९९७ मध्ये तो जे. के. उद्योगसमूहाकडे गेला. नैसर्गिक रबर पिकवणारा केरळचा प्रदेश म्हैसूरपासून दूर नाही, ही गोष्टही येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

टायर हा केवळ रबराचा नसतो. रबरात काजळी व गंधक मिसळून लगदा करतात. काजळीमुळे रबर चिवट बनते. गंधक उष्णतेच्या साहाय्याने रबराचे रेणू एकमेकांना सांधते. आतल्या बाजूस रबरात बुडवलेल्या धाग्यांचे थर असतात. रिमला घट्ट धरून बसणाऱ्या कडेत पोलादी तारांचे वेढे असतात. या कडेला ‘बीड’ म्हणतात. रस्त्याला टेकणारा नक्षीदार जाड भाग म्हणजे ‘ट्रेड’ आणि ट्रेड व बीड यांच्यामधला लवचिक भाग म्हणजे ‘साइडवॉल’ किंवा बाजूची भिंत. हे सर्व थर जुळवून झाले की कच्चा टायर तापलेल्या साच्यात दाबून शिजवतात. ट्रेडची नक्षी आणि भिंतीवरची अक्षरे त्याच वेळी उमटतात. म्हणून त्या अक्षरांना टायरचा जन्मदाखला म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

अक्षरे कशी वाचावीत

एका टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा मजकूर आहे असे समजू. त्यातील १८५ हा अंक टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. त्यापुढील ६५ ही टक्केवारी आहे: भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे. ‘आर’ हे अक्षर ‘रेडियल’ या शब्दाचे आद्याक्षर. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत. रेडियल टायरमध्ये ते एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, सरळ जातात आणि ट्रेडखाली पोलादी पट्टा असतो. ही रचना मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये आपल्या नावे नोंदवली. तिच्यामुळे ट्रेड रस्त्यावर सपाट बसतो, टायर कमी तापतो व अधिक काळ टिकतो. पुढचा १५ हा अंक रिमचा व्यास इंचांत दाखवतो. रुंदी मिलिमीटरमध्ये आणि व्यास इंचांत, असा हा विचित्र संकर रूढ होऊन बसला आहे. वाचकाने त्याने गोंधळून जाऊ नये.

८८ हा भारांक होय. तो किलोग्रॅम नव्हे, तर कोष्टकातील क्रमांक आहे. ८२ म्हणजे ४७५ किलोग्रॅम, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५. शेवटचे अक्षर वेगमर्यादा सांगते: ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०. या अक्षरावरून तितक्या वेगाने जाण्याची अनुज्ञा मिळते असे मात्र कोणी समजू नये. योग्य हवा आणि योग्य भार असताना टायर किती सहन करील, एवढेच ते सांगते.

मूळ मापाऐवजी भलत्याच मापाचा टायर बसवला तर काय होते, हे साध्या गणिताने समजते. वरील टायरचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. त्याच्या जागी १९५/६५ आर १५ बसवला तर व्यास ६३४.५ मिलिमीटर होतो. म्हणजे एका फेऱ्यात मोटार सुमारे दोन टक्के अधिक अंतर कापते. वेगमापकाला मात्र हे कळत नाही; तो पूर्वीच्याच हिशेबाने वेग दाखवीत राहतो. फरक लहान आहे. पण माप आणखी वाढवत गेल्यास वेगमापकाची चूक वाढते आणि टायर चाकाच्या कमानीला घासूही लागतो.

भिंतीवर एका लांबट चौकटीत चार अंक असतात. ‘२३१९’ याचा अर्थ, तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही जुने होते, कडक बनते आणि त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर खरोखर किती जुना आहे, हे गिऱ्हाईकाने पैसे देण्यापूर्वी पाहावे.

हवा आणि झीज

अकराशे किलोग्रॅम वजनाच्या मोटारीचा भार चार चाकांवर सारखा विभागला, तर प्रत्येक चाकावर २७५ किलोग्रॅम येतात. टायरमध्ये ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम दाब असेल, तर रस्त्याला टेकलेले क्षेत्रफळ ढोबळमानाने १२० चौरस सेंटिमीटर येते. हे क्षेत्रफळ माणसाच्या तळहाताएवढे आहे. अशा चार तळहातांवर सारे कुटुंब, त्याचे सामानसुमान आणि त्याचा जीव तोललेला असतो.

हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. वारंवार वाकवलेली तार जशी तापते तशी ही भिंतही तापते. वेग वाढला की उष्णता झपाट्याने साचते आणि शेवटी थर सुटून टायर फुटतो. उन्हाळ्यात लांब, सरळ व वेगवान रस्त्यावर टायर फुटण्याचे हे एक प्रमुख कारण होय. म्हैसूर–बंगळूर हा नवा द्रुतगती मार्ग मार्च २०२३ मध्ये खुला झाला. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा त्यापूर्वी, डिसेंबर २०२२ मध्ये, सुरू झाला होता. जुन्या रस्त्यावर खड्डे, बाजार आणि वळणे यांमुळे वेगाला जो लगाम बसे, तो अशा मार्गांवर राहिला नाही. गावातल्या गावात जो टायर आणखी वर्षभर चालला असता, तो येथे तासाभरात उघडा पडतो.

हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा कमाल दाब आहे. तितकी हवा भरावी असा त्याचा अर्थ नाही. दाब मोजायचा तो टायर थंड असताना, म्हणजे प्रवासापूर्वी. चालून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. त्या वेळी हवा काढून टाकणे ही चूक ठरते, कारण टायर निवाल्यावर ती कमी पडते.

झिजेच्या खुणाही बोलक्या असतात. ट्रेडच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत आली आहे. मधला भाग झिजला असेल तर ती जास्त आहे. एकच कड झिजली असेल तर चाकांची मांडणी बिघडली असून ‘अलाइनमेंट’ करून घेणे आवश्यक आहे. ट्रेडच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. मोटारीच्या टायरमध्ये त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. ट्रेड झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आला की टायरचे आयुष्य संपले. खाचांचे काम पाणी बाजूला सारणे हे आहे. त्या बुजल्या तर पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, मोटार त्यावर तरंगू लागते आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी होतात.

वितळतार: दुबळेपणाचा गुण

साखळीतील सर्वांत दुबळी कडी हा सामान्यतः दोष समजला जातो. वितळतार ही मुद्दाम बसवलेली दुबळी कडी आहे. ठराविक मर्यादेपलीकडे प्रवाह वाहू लागला की ती स्वतः वितळते आणि मंडल तोडते. ती दिव्याचे रक्षण करते असा एक समज आहे. वास्तविक तिचे मुख्य काम आहे ते तारांचे रक्षण. दिवा जळाला तर दिवाच जातो. तार तापली तर तिचे वेष्टन पेटते आणि त्याबरोबर मोटारही.

प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो. ६० वॅटचे दोन मोठे दिवे, म्हणजे १२० वॅट. मोटारीच्या १२ व्होल्टने भागले असता १० अँपिअर. येथे १५ अँपिअरची वितळतार उचित ठरते. म्हैसूर येथे १९६१ पासून बनू लागलेल्या जावा मोटारसायकलींत ६ व्होल्टची व्यवस्था असे. दाब निम्मा असल्यामुळे तेवढ्याच वॅटच्या दिव्याला दुप्पट प्रवाह लागतो. म्हणजे वितळतारेचा अंक दिव्याचे वॅट आणि मंडलाचा दाब या दोहोंवर अवलंबून असतो. एका वाहनाची तार दुसऱ्यात अंदाजाने घालू नये.

पूर्वी काचेच्या नळीतील वितळतारा प्रचारात होत्या. १९७० च्या दशकापासून दोन चपट्या पात्यांच्या प्लास्टिकच्या वितळतारा आल्या. त्यांचा रंगच त्यांची क्षमता सांगतो: ५ अँपिअरला फिकट तांबूस, ७.५ ला तपकिरी, १० ला लाल, १५ ला निळा, २० ला पिवळा, २५ ला पांढरा किंवा पारदर्शक आणि ३० ला हिरवा. त्यांची एक पेटी बहुधा डॅशबोर्डखाली व दुसरी बॉनेटखाली, बॅटरीजवळ असते. झाकणाच्या आतील बाजूस कोणती तार कोणत्या मंडलाची, याचा नकाशा असतो.

एका संध्याकाळचा प्रश्न

अशी कल्पना करावी की एक कुटुंब उटीहून म्हैसूरकडे परतत आहे. बंदीपूरच्या अरण्यातील रस्ता वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. हा नियम २००९ पासून लागू आहे. घड्याळात आठ वाजत आले आहेत आणि गुडलूर सोडल्यावर मोटारीचे पुढचे दिवे एकाएकी विझतात. पेटी उघडल्यावर निळ्या वितळतारेतील पट्टी तुटलेली दिसते. जवळ दुसरी नाही. घाई आहे, मुले मागे बसली आहेत, अंधार दाटत आहे. अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून घालावी, किंवा हाताशी असलेली ३० अँपिअरची हिरवी तार बसवावी, असा मोह होतो.

हा मोह घातक आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. पंधराच्या जागी तीसची वितळतार बसवणे याचा अर्थ, तारेला चौपट तापू देण्याची मुभा देणे. चांदीला तर कोणतीच निश्चित मर्यादा नसते. आणि बॅटरी क्षणभरात शेकडो अँपिअर देऊ शकते.

यावर एक साधा आणि सुरक्षित उपाय आहे. त्याच पेटीत कमी महत्त्वाच्या मंडलाची, उदाहरणार्थ विजेच्या खोबणीची, निळी तार बहुधा असते. मोटार बंद करून ती काढावी व दिव्यांच्या जागी बसवावी. दिवे लागले आणि टिकले, तर पुढे जावे. ही तारही तत्काळ वितळली, तर मंडलात कोठेतरी तार उघडी पडून लोखंडाला टेकली आहे असे निश्चित समजावे. मग तिसरी तार घालू नये. प्रवास थांबवावा, मुक्काम करावा आणि सकाळी जाणकाराला दाखवावे. मागाहून बसवलेले जादा दिवे किंवा मोठे भोंगे मूळ तारांना परस्पर जोडलेले असतील, तर शोधाची सुरुवात तेथूनच करावी.

उपसंहार

महिन्यातून एकदा चार टायर व पाचवा जादा टायर यांतील हवा मोजावी, खाचांतील उंचवटे पाहावेत, भिंतींवर भेग किंवा फुगवटा नाही याची खात्री करावी. पेटीत प्रत्येक रंगाची एकेक जादा वितळतार ठेवावी. या कामाला दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि त्यासाठी कारागिराची गरज नाही. गाडीवान प्रवासाला निघण्यापूर्वी चाकाला वंगण घाली आणि धावेवर हात फिरवून पाही. वाहन बदलले, वेग वाढला. परंतु निघण्यापूर्वी चाकाची चौकशी करण्याचा तो जुना शिरस्ता आजही तितकाच आवश्यक आहे.