आकाशवाणी : ध्वनी आणि श्रोता

नभोवाणीचा इतिहास शिकविताना बहुधा केंद्रांची नावे व सन सांगितले जातात. ते आवश्यक आहेच. परंतु तेवढ्याने विषयाचे मर्म विद्यार्थ्यांच्या हाती येत नाही. दूर शहरात उच्चारलेला शब्द खेड्यापर्यंत कसा पोहोचला, आणि पोहोचल्यावर त्याचे ज्ञानात रूपांतर कशामुळे झाले, हे दोन प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहेत.

प्रारंभ

भारतात ध्वनिक्षेपणाचा प्रारंभ हौशी मंडळींनी केला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. पुढे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली. तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले; २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झाले. दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक दीड किलोवॅट शक्तीचे होते व त्यांचा आवाज सुमारे ४८ किलोमीटरपर्यंतच नीट ऐकू येई. श्रवणयंत्र महाग, शिवाय परवान्याचे वर्षाला दहा रुपये द्यावे लागत. परिणामी परवान्यांची संख्या आठ हजारांपर्यंतही गेली नाही. श्रोते थोडे म्हणून उत्पन्न थोडे, आणि उत्पन्न थोडे म्हणून नव्या केंद्रांची शक्यता नाही, अशा पेचात सापडून १ मार्च १९३० रोजी कंपनी बुडाली.

शासकीय सेवा

१ एप्रिल १९३० पासून ही सेवा सरकारने आपल्या हाती घेतली. तोटा होत असल्याने ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचे ठरले होते. परंतु लोकांनी जोराचा विरोध केल्यामुळे मे १९३२ मध्ये ती चालू ठेवण्याचा निर्णय झाला. १९३५ साली लायोनेल फील्डन हे नियंत्रक म्हणून आले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि ८ जून १९३६ पासून सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र म्हैसूरचे. तेथे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली चालविलेल्या केंद्राचे ते नाव पुढे १९५० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सेवेने स्वीकारले.

१९४७ साली फाळणीनंतर भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ अशी सहा केंद्रे आली. देशाचे केवळ अडीच टक्के क्षेत्र आणि ११ टक्के लोकसंख्या त्यांच्या कक्षेत होती. नंतर केंद्रे झपाट्याने वाढली. नागपूर केंद्र १९४८ मध्ये व पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’चा आरंभ झाला. २३ नोव्हेंबर १९९७ पासून आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त मंडळाकडे गेली; तोपर्यंत तिचा आवाज देशातील बहुतेक सर्व लोकवस्तीपर्यंत पोहोचला होता.

पुण्याचा प्रयोग

आवाज पोहोचला म्हणजे शिक्षण झाले काय? या प्रश्नाचे उत्तर १९५६ साली महाराष्ट्राच्याच खेड्यांत शोधले गेले. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांसाठी, आठवड्यातून दोन याप्रमाणे, २० कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात एक श्रोतृमंडळ होते. सभासद एकत्र बसून शेती, आरोग्य, साक्षरता अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकत, नंतर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते; काही गावांत रेडिओही नव्हता. त्यांच्याशी तुलना करता मंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्टपणे अधिक आढळली. काही मंडळांनी विहिरी खोदण्याचे, बालवाडी काढण्याचे निर्णय घेतले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे ट्रान्झिस्टर घरोघर आला आणि एकत्र बसून ऐकण्याची प्रथा मागे पडली. यंत्र वाढले, तरी श्रवणानंतरचा संवाद वाढला असे नाही.

यातून निघणारा बोध शिक्षकाच्या नित्य कार्याशी निगडित आहे. ध्वनिक्षेपण एका बाजूने चालते; ऐकणाऱ्याला समजले की नाही, हे यंत्राला कळत नाही. ते जाणून घेणारा व शंका विचारण्यास धीर देणारा मनुष्य गावातच असावा लागतो.

पाठ घेताना

शिक्षकांनी आकाशवाणीवरील एखादा छोटा कार्यक्रम निवडावा. ऐकण्यापूर्वी विषयाची ओळख करून द्यावी व कठीण शब्द फळ्यावर लिहावेत. ऐकताना मध्ये बोलू नये. नंतर प्रत्येक गटाने एक नवी गोष्ट व एक शंका सांगावी. ज्या शंकेचे उत्तर वर्गात मिळणार नाही, ती गावातील जाणत्यांना विचारण्यास सांगावे.

प्रश्न

१. १९२७ साली निघालेली कंपनी तीन वर्षांत का बुडाली?
२. १९३१ साली लोकांनी विरोध केला नसता, तर काय झाले असते?
३. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत ज्ञानाची वाढ कमी का झाली असावी?