कुर्दिस्तानातील गुंतवणूक : नळ कोणाच्या हाती?

इराकच्या उत्तरेकडील कुर्दिस्तान प्रदेशात एखादा फ्लॅट किंवा तेथील तेल कंपनीचे शेअर घ्यावेत का, असे मंडळाच्या काही सभासदांनी मला विचारले. दुबईहून अर्बील विमानाने जेमतेम तीन तासांवर, त्यामुळे कुतूहल साहजिक आहे. मी अर्थतज्ज्ञ नव्हे, संगणक अभियंता आहे. मात्र आमच्या धंद्यात कोणतीही यंत्रणा तपासताना पहिला प्रश्न असतो : कोणता एक भाग बंद पडला की सगळेच बंद पडेल? तोच प्रश्न येथे लावून पाहू.

साठ लाखांहून अधिक वस्तीचा, बहुसंख्य सुन्नी मुस्लिम कुर्दांचा हा प्रदेश १९९१ नंतर बराचसा स्वतःच्या बळावर चालू लागला आणि इराकच्या २००५ च्या घटनेने त्याच्या स्वायत्ततेला मान्यता दिली. त्याला स्वतःचे विधिमंडळ आहे, सैन्यही आहे. २००६ च्या गुंतवणूक कायद्याने परदेशी माणसाला संपूर्ण मालकी, दहा वर्षे करमाफी आणि नफा बाहेर नेण्याची मुभा दिली. कागदावर याहून उदार कायदा आपल्या आखातातही सहज सापडत नसे. मुंबईची रिलायन्सही २००७ साली तेथे दोन तेलपट्टे घेऊन गेली होती. २०१२ मध्ये तिने त्यातला ८० टक्के हिस्सा शेव्हरॉनला विकला.

आता नळाकडे वळू. प्रदेशाला समुद्र नाही. तेल तुर्कस्तानातून जेहान बंदराला जाते आणि त्या वाहिनीचा मूळ करार १९७३ सालचा, बगदाद व अंकारा यांच्यातला आहे. त्यात अर्बील पक्षकारच नाही! कुर्दांनी परस्पर तेल विकायला सुरुवात करताच २०१४ मध्ये बगदादने अर्थसंकल्पातला त्यांचा वाटा रोखला आणि तुर्कस्तानविरुद्ध लवादाकडे धाव घेतली. २०२२ मध्ये इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने प्रदेशाचा तेल कायदाच घटनाबाह्य ठरवला. मार्च २०२३ मध्ये लवादाने तुर्कस्तानला सुमारे दीड अब्ज डॉलर भरण्यास सांगितले आणि वाहिनी बंद झाली. रोजची सुमारे साडेचार लाख पिंपे अडली. ती पुन्हा वाहू लागली सप्टेंबर २०२५ मध्ये, तीही बगदादच्या तेलविक्री संस्थेमार्फत. त्याआधीच, जुलैमध्ये, १९७३ चा करार २७ जुलै २०२६ रोजी संपेल अशी नोटीस तुर्कस्तानने दिली होती.

या सगळ्याचा फ्लॅटशी काय संबंध, असे वाटेल. संबंध पगाराचा आहे. तेथे लाखो घरे सरकारी पगार, निवृत्तिवेतन किंवा मानधनावर चालतात आणि २०१४ नंतर ते पगार अनेकदा महिनोन्‌महिने रखडले. भाडेकरूचा पगार थकला की भाडेही थकणार. विमानतळाचेही तसेच : सप्टेंबर २०१७ च्या स्वातंत्र्य-सार्वमतानंतर बगदादने आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद केली, ती मार्च २०१८ पर्यंत.

गॅसची गोष्ट थोडी निराळी आहे. शारजाच्या दाना गॅस व क्रेसेंट पेट्रोलियम या कंपन्या २००८ पासून खोर मोर क्षेत्रातून गॅस काढतात. तो तेथल्याच वीजकेंद्रांत जळतो, सीमा ओलांडण्याची गरज नाही. म्हणून २०२३ मध्ये तेल अडले तरी गॅस वाहत राहिला. पण पैसे वसूल करायला याही कंपन्यांना लंडनच्या लवादाची पायरी चढावी लागली. २०१७ च्या तडजोडीत त्यांना एक अब्ज डॉलर मिळाले. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये खोर मोरवर हल्ला झाला तेव्हा प्रदेशभर वीज गेली.

दाना गॅसचे शेअर अबुधाबीच्या बाजारात मिळतात, तेव्हा आपल्यापैकी कोणाकडे ते असतीलही. अशा कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला तर नफ्याच्या आधी सरकारकडून येणे किती व किती दिवसांचे, ते पाहावे. फ्लॅटच्या बाबतीत मी इतकेच म्हणेन की त्याच्या भाड्यावर इथल्या कर्जाचा हप्ता अवलंबून ठेवू नये.