क्रीडासंकुले : शासनाचा निधी आणि संघटनांचा वाटा

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा या गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. पुढील वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ते सुवर्णपदकाचे मानकरी ठरले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष धावपटू म्हणून त्यांची नोंद झाली. या शर्यतीत धावपटूला २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. त्यासाठी धावपट्टीलगत विशिष्ट मापाचा जलखड्डा असावा लागतो. बालाघाटच्या माळरानावर पायांत बळ येते, जलखड्डा मात्र मिळत नाही. साबळे यांना तो मिळाला, पण भूदलात दाखल झाल्यानंतर.

महाराष्ट्रात गेल्या पन्नास वर्षांत मोठी क्रीडांगणे उभी राहिली ती प्रामुख्याने मुंबई, पुणे व नागपूर या शहरांच्या परिसरात. त्यांचा खर्च कोणी केला, भार कोणी वाहिला व लाभ कोणाच्या पदरी पडला, याचा विचार बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने अगत्याचा आहे.

वानखेडे ते गहुंजे

मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ पासून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तेथील सामन्यांच्या तिकिटांच्या वाटपावरून हा क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात १९७३ च्या सुमारास वाद विकोपास गेला. संघटनेची सूत्रे तेव्हा विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्याकडे होती. शासनाने चर्चगेटजवळची जागा भाडेपट्ट्याने दिली, संघटनेने निधी उभा केला आणि वर्षभराहून थोड्या अधिक काळात नवे स्टेडियम तयार झाले. जानेवारी १९७५ मध्ये भारत विरुद्ध वेस्ट इंडीज हा पहिला कसोटी सामना तेथे झाला. शासनाने येथे बांधकामाला पैसा पुरविण्यापेक्षा जमीन उपलब्ध करून दिली. महानगराच्या मध्यभागी जमीन हेच सर्वांत मोठे अनुदान असते, ही गोष्ट हिशेबाच्या वह्यांत सहसा दिसत नाही.

बीड जिल्हा ज्या संघटनेच्या कक्षेत येतो, त्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनची वाट अधिक खडतर ठरली. मावळ तालुक्यातील गहुंजे येथे द्रुतगती मार्गालगत तिने स्वतःचे स्टेडियम बांधले. त्यासाठी बँकांकडून कर्ज काढले. एका उद्योगसमूहाचे नाव स्टेडियमला देण्याचा करार केला. पुढे रकमेवरून वाद झाला आणि २०१३ मध्ये ते नाव उतरविण्यात आले. ज्या पुणे संघाच्या भरवशावर आयपीएलच्या सामन्यांचे उत्पन्न अपेक्षित होते, तो संघही त्याच वर्षी स्पर्धेतून बाहेर पडला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर राज्य संघटनांना मध्यवर्ती मंडळाकडून मिळणारा निधी अडला आणि २०१८ च्या आरंभी कर्जाच्या थकबाकीपोटी बँकांनी या स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. संघटना त्यातून सावरली. २०२३ च्या विश्वचषकाचे ५ सामने तेथे झाले. परंतु लीगच्या उत्पन्नावर विसंबून पायाभरणी केली तर त्या पायाखालची वाळू किती लवकर सरकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

भाडेकरू आणि घरमालक

आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील प्रक्षेपण हक्कांची किंमत ४८,३९० कोटी रुपये ठरली. एवढी मोठी उलाढाल असूनही या स्पर्धेतील संघ सामान्यतः स्वतःचे क्रीडांगण बांधत नाहीत. ते राज्य संघटनांची मैदाने सामन्यांपुरती भाड्याने घेतात. क्रिकेट मंडळ आपल्या संलग्न संघटनांना पायाभूत सोयींसाठी अर्थसाहाय्य देते, ही जमेची बाजू होय. इतर खेळांच्या लीगमध्ये तीही फारशी आढळत नाही.

पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल राज्य शासनाने १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभारले. २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथेच झाली. २०१४ मध्ये फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याच्या संघाला हेच मैदान लाभले. पाच हंगामांनंतर, २०१९ मध्ये, तो संघ बंद पडला. मैदान, प्रकाशझोताचे मनोरे आणि त्यांच्या देखभालीचा खर्च जागच्या जागी राहिला. भाडेकरू गेला तरी घराची कौले घरमालकालाच शाकारावी लागतात.

खो-खोची कथा बीडकरांना अधिक जवळची वाटावी. अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्णपणे बालेवाडीस झाला. विजेता ठरला तो ओडिशा जगरनॉट्स हा संघ. त्याची मालकी ओडिशा शासनाच्या क्रीडा विकास कंपनीकडे होती. दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला तो कटक येथील बंदिस्त क्रीडागारात. ज्या राज्याने या खेळाला जन्म दिला व वाढविले, तेथून लीग एका वर्षात दुसऱ्या राज्यात गेली. तिला जेथे अधिक पाठबळ मिळाले तेथे ती गेली, यात दोष देण्यासारखे काही नाही. ओडिशाने हॉकीच्या राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व २०१८ पासून स्वीकारले, राऊरकेला येथे २०२३ च्या विश्वचषकासाठी बिरसा मुंडा स्टेडियम बांधले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या हॉकी लीगचे सामने तेथे आणले. सुंदरगढ या आदिवासी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या हॉकी खेळली जाते. स्टेडियम त्या मुलांच्या दारी आले. खेळ जेथे रुजला आहे तेथे बांधकाम न्यावे, हा त्यातील घेण्याजोगा भाग.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. तेथील राष्ट्रीय फुटबॉल लीगने १९९९ पासून नव्या स्टेडियमसाठी संघमालकांना कर्ज देण्याची योजना राबविली. या कर्जाची परतफेड बहुतांशी विशेष आसनांच्या उत्पन्नातील पाहुण्या संघांच्या हिश्श्यातून होत असे. म्हणजे लीग आपल्याच सामाईक उत्पन्नातून बांधकामास हातभार लावत होती. तरीही शासनाचा भार टळला नाही. बफेलो येथील नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी व स्थानिक कौंटीने २५ कोटी डॉलर देण्याचे २०२२ मध्ये ठरले. अशा अनुदानामुळे त्या शहराची एकूण आर्थिक भरभराट होते, हा दावा तेथील बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही. सामन्यावर खर्च होणारा पैसा पुष्कळदा त्याच गावातील दुसऱ्या करमणुकीवर खर्च झालाच असता, असे त्यांचे म्हणणे आहे.

पाण्याचा प्रश्न

मराठवाड्यात क्रीडांगणाचा विचार करताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचविले जात होते आणि त्याच महिन्यात मुंबई, पुणे व नागपूरच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारण्याच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत, असा आदेश न्यायालयाने दिला व अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. बीड जिल्हाही तेव्हा दुष्काळाने होरपळत होता. हिरवळीचे विस्तीर्ण मैदान येथे राखणे म्हणजे दर उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहणे होय. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सोय ज्या आराखड्यात नाही, तो आराखडा या जिल्ह्याला परवडणारा नाही.

जिल्हा व तालुका संकुले

राज्याच्या क्रीडा धोरणानुसार विभाग, जिल्हा व तालुका अशा तीन स्तरांवर क्रीडासंकुले उभारण्याचा कार्यक्रम शासनाने हाती घेतला. कालांतराने अनुदानाची मर्यादा वाढविण्यात आली. तालुका संकुलासाठी ती १ कोटीवरून ५ कोटी रुपये, जिल्हा संकुलासाठी ८ कोटींवरून २५ कोटी आणि विभागीय संकुलासाठी २४ कोटींवरून ५० कोटी रुपये करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. याखेरीज व्यायामशाळा व क्रीडांगण विकासाच्या अनुदान योजना आहेत. जिल्हा वार्षिक योजना आणि केंद्राची ‘खेलो इंडिया’ योजना यांतूनही निधी मिळू शकतो. या रकमा वानखेडे किंवा गहुंजेच्या तुलनेत लहान असल्या तरी त्यांचा लाभ घेणारी मुले स्थानिक असतात आणि वर्षाचे बहुतेक दिवस खेळतात.

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, तर कबड्डीचे १३ गुणिले १० मीटर. छताखालील एका मध्यम आकाराच्या सभागृहात दोन्ही खेळ आळीपाळीने घेता येतात आणि हिरवळीसाठी पाणीही लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे नमविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या याच जिल्ह्यातील. त्यांचा खेळ मात्र पुणे परिसरात घडला. बीड शहराचे सचिन धस यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून भारताचा विजय जवळ आणला. गुणवत्ता आहे, याला आणखी पुरावा नको.

मात्र बांधकामाचे अनुदान एकदाच मिळते व देखभालीचा खर्च दरवर्षी येतो. कृत्रिम धावपट्टीचा पृष्ठभाग साधारणतः ८ ते १० वर्षांनी नव्याने घालावा लागतो. पहारेकरी, वीज, मॅट व मार्गदर्शक यांची तरतूद आराखड्याच्या पहिल्याच पानावर हवी. राज्य क्रीडा संघटना व लीग यांच्याकडे हात पसरायचा असेल तर तो प्रेक्षागाराच्या पायऱ्यांसाठी नव्हे, या आवर्ती खर्चासाठी पसरावा. शासकीय संकुलात सामने भरविणाऱ्या लीगकडून भाड्याबरोबरच प्रशिक्षकांच्या मानधनाचा वाटा करारातच लिहून घेता येईल.

दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शालेय क्रीडास्पर्धांचा पुष्कळसा काळ यात निघून जातो. धारूर, पाटोदा, शिरूर कासार अशा डोंगरपट्ट्यातील तालुक्यांत संकुलाला जोडून मुलामुलींचे हंगामी वसतिगृह असेल, तर आई-वडील कोयता घेऊन गेले तरी मूल मैदानावर राहील. त्या वसतिगृहाचा खर्च क्रीडा खात्याने सोसावा की समाजकल्याण खात्याने, हे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत ठरविता येण्यासारखे आहे.