वाद, जल्प, वितंडा आणि पंथ सोडून आलेला मनुष्य

न्यायशास्त्राचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घटपटाची खटपट उभी राहते. पंडितांनी सभेत शालजोडी मिळविण्यासाठी केलेला शब्दांचा खेळ, यापलीकडे त्याचा संसारी माणसास काही उपयोग असेल असे आपल्या मनात येत नाही. पण घरातला एखादा मुलगा किंवा सून कोणा बाबाच्या नादी लागून चारपाच वर्षे घराबाहेर राहते आणि एके दिवशी परत येते, तेव्हा तिच्याशी बोलावे कसे, हा प्रश्न या शास्त्राच्या अगदी अंगणातला आहे. प्रस्तुत पाठ त्याचसाठी योजिला आहे.

गौतमांच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन आहेत. दोन्ही बाजूंनी प्रमाणे देऊन, सत्य काय ते ठरविण्यासाठी केलेले संभाषण तो वाद. जिंकण्यासाठी केलेले, ज्यात शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडीत राहणे ही वितंडा. व्यवहारात आपण ‘वाद घालू नको’ असे म्हणतो, तेव्हा आपल्याला बहुधा जल्प अभिप्रेत असतो. वाद कोणाशी करावा, हेही सूत्रकारांनी सांगितले आहे. त्या यादीत शिष्य आहे, सहाध्यायी आहे आणि खुद्द गुरूही आहे. गुरूशी वाद करण्याची मुभा शास्त्रानेच दिलेली आहे, ही गोष्ट वाचकांनी येथेच मनात धरून ठेवावी.

आता उदाहरण घेऊ. ते फार दूरचे नाही. आचार्य रजनीश यांचा जन्म १९३१ साली आपल्याच मध्य प्रदेशातील कुचवाडा या खेड्यात झाला, बालपण गाडरवाऱ्यात गेले आणि १९६६ सालापर्यंत ते जबलपुरात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९७४ साली पुण्याच्या कोरेगाव पार्कात त्यांचा आश्रम उभा राहिला. भगवी वस्त्रे, गळ्यात गुरूचे चित्र असलेली माळ आणि नवे नाव धारण करून हजारो स्त्रीपुरुष, त्यांत परदेशी पुष्कळ, त्यांचे संन्यासी झाले. १९८१ साली ते अमेरिकेस गेले व ओरेगॉन राज्यात सुमारे चौसष्ट हजार एकरांच्या एका कुरणावर त्यांच्या शिष्यांनी नगरच वसविले. रजनीश त्या काळात सुमारे साडेतीन वर्षे जाहीर मौनात होते आणि सर्व कारभार त्यांची सचिव शीला पाहत होती.

पुढे जे घडले ते न्यायालयांच्या दप्तरी नोंदलेले आहे. १९८४ साली डॅल्स या गावच्या भोजनगृहांतील कच्च्या भाज्यांवर रोगजंतू टाकण्यात आले आणि ७५१ माणसे आजारी पडली. १९८५ च्या सप्टेंबरात शीला निघून गेली. लगेच रजनीशांनी तिच्यावर गंभीर आरोप केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्या नावाच्या धर्माचा ग्रंथ शिष्यांनी अग्नीस अर्पण केला. नोव्हेंबरात परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांना चार लाख डॉलर दंड होऊन अमेरिका सोडावी लागली. १९८७ साली ते पुण्यास परतले आणि १९९० च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला.

त्या पंथातून बाहेर पडलेल्यांमध्ये जो ऊहापोह तेव्हा सुरू झाला, तो अद्यापि थांबलेला नाही. कोणी म्हणतात, सारे पाप शीलेचे, गुरू निर्दोष. कोणी म्हणतात, मूळच किडके होते. शीलेला नेमले कोणी? आणि कित्येकांचे म्हणणे असे की, ध्यानाने आम्हांस खरोखर शांती लाभली, ती खोटी कशी म्हणावी? पण संस्था बिघडली होती. तिन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत, आणि रजनीशांविषयी आजही कृतज्ञता बाळगणारेही थोडे नाहीत, हे सांगितले पाहिजे.

पहिल्या पक्षाची मात्र न्यायदृष्ट्या मोठी कुचंबणा होते. गुरू सर्व जाणणारे होते असे म्हणावे, तर विषप्रयोग ठाऊक असूनही ते गप्प राहिले असे ठरते. त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणावे, तर ज्या सर्वज्ञतेच्या विश्वासावर शिष्यांनी घरदार सोडले, ती सर्वज्ञताच उरत नाही. ही उभयतःपाशा रज्जू होय. तीतून सुटण्यासाठी काही शिष्यांनी तिसरी वाट काढली : गुरूंनी हे सर्व मुद्दाम घडू दिले, शिष्यांना जागे करण्याची ती युक्ती होती. वरवर पाहता हे उत्तर बिनतोड वाटते. दोष आहे तो नेमका या बिनतोडपणातच. पर्वतावर धूर पाहून आपण अग्नीचे अनुमान करतो, ते सरोवरासारख्या अग्निहीन ठिकाणी धूर आढळत नाही म्हणून. गुरू प्रेमळ वागला तर ती कृपा, कठोर वागला तर तीही कृपा, आणि त्याच्या आश्रमात गुन्हा घडला तर तीही कृपाच, असे म्हटल्यावर कृपा नाही असे स्थळ दाखविणार कोठे? असा हेतू काहीच सिद्ध करीत नाही. माझ्या मते पंथातून बाहेर पडणाऱ्याची पहिली खरी पायरी हीच : ‘काय घडले असते, तर मी माझे मत बदलले असते?’ असे स्वतःस विचारणे.

पण बुद्धीची गाठ सुटली म्हणजे मन लगेच मोकळे होते असे नाही. जेन स्टॉर्क नावाची ऑस्ट्रेलियन स्त्री पती व दोन मुलांसह या पंथात आली होती. १९८५ साली तिने गुरूंच्या डॉक्टरास विषारी सुई टोचली. डॉक्टर वाचला, तिने गुन्हा कबूल करून कारावास भोगला आणि २००९ साली आपली कहाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सुई टोचण्यापासून ग्रंथ लिहिण्यापर्यंत चोवीस वर्षे गेली. मुलांची गोष्ट तर वेगळीच. टिम गेस्ट या इंग्रज लेखकाने २००४ साली आपले बालपण लिहिले. तो पंथात स्वतः गेला नव्हता, आईबरोबर नेला गेला होता. अशा मुलांपाशी परतून जाण्यास पूर्वीचे घरच नसते.

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात निरनिराळ्या पंथांत गेलेल्या तरुण मुलांना आईबाप माणसे लावून पळवून आणीत, कोंडून ठेवीत आणि दिवसरात्र त्यांच्या श्रद्धेवर मारा करवीत. हा निव्वळ जल्प, आणि तोही दंडुक्याचा! काही मुले परतली, काही संधी साधून पुन्हा पंथात पळाली, काहींनी कोर्टात फिर्यादी केल्या. पुढे तेथील जाणत्यांनी हा मार्ग टाकून, मुलाच्या संमतीने व त्याला उठून जाण्याची मोकळीक ठेवून बोलण्याचा मार्ग धरला. म्हणजे ते जल्पाकडून वादाकडे आले, असे आपण म्हणू.

आपल्याकडे मुलांस सहसा कोणी कोंडीत नाही. आपल्या घरी जी चालते ती वितंडा. ‘आम्ही आधीच सांगितले होते’, ‘पाच वर्षे आणि शेतीचे पैसे कोठे गेले?’, ‘एवढा शिकलेला, आणि अक्कल कोठे ठेवली होती?’ यांतल्या एकाही वाक्यात बोलणाऱ्याचा स्वतःचा पक्ष नाही, नुसते खंडन आहे. ऐकणाऱ्यास मग पंथाची बाजू घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही, कारण ती सोडली तर त्याची ती पाच वर्षे सर्वस्वी मातीत गेली असे होते. त्यापेक्षा तेथे काय चांगले मिळाले हे आधी विचारावे. भजन मिळाले असेल, पहाटे उठण्याची शिस्त मिळाली असेल, जिवाभावाची माणसे मिळाली असतील. ते त्याचे त्याला ठेवू द्यावे. उरलेल्याची तपासणी तो पुढे आपण होऊन करू लागतो. न्यायसूत्रांत जल्प आणि वितंडा यांना कोवळ्या रोपाभोवतीच्या काटेरी कुंपणाची उपमा दिली आहे. कुंपण बाहेरच्या गुरांसाठी असते. परत आलेला मनुष्य हा त्या रोपाच्या ठिकाणी आहे. काटे त्याच्या अंगावर घालावयाचे नसतात.

शेवटी एक शंका, जी माझ्या वडिलांपाशी देवळात पुष्कळदा विचारली जाते : एकदा मंत्र घेतलेल्या गुरूला सोडले, तर गुरुद्रोहाचे पातक लागते काय, आणि त्यास प्रायश्चित्त कोणते? पंथातून आलेल्याच्या मनात ही भीती सर्व तर्क संपल्यावरही राहते, आणि काही बाबा ती हेतुपुरस्सर पेरून ठेवतात. यावर शास्त्राचा निर्वाळा स्पष्ट आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात भीष्म आपल्या गुरूंशी, परशुरामांशी, युद्धास उभे राहिले ते हेच सांगून की, गर्वाने ताठलेला, कार्याकार्य न जाणणारा आणि आडमार्गास लागलेला गुरू त्याज्य होय. समर्थांनीही दासबोधाच्या पाचव्या दशकात करामती दाखविणाऱ्यांना सद्गुरूंपासून निराळे काढले आहे, आणि जो शिष्याकडून साधन व इंद्रियदमन करवीत नाही त्याला कवडीमोल ठरवून सोडण्यास सांगितले आहे. जेथे त्याग हाच विधी, तेथे प्रायश्चित्त कशाचे? वडील अशा माणसाकडून पूजेची दक्षिणा घेत नाहीत. हातावर तीर्थ घालतात आणि पोथी काढून तो समास त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतात.